ऑटिझम असलेल्या मुलांसाठी फोलिनिक अ‍ॅसिड : थेरपीला जोड म्हणून द्यावे का?

मृण्मयी_जुळेसोलापूर

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी नियमित चालू आहे. त्याला बरेच शब्द म्हणता येतात, पण मागण्यासाठी तो ते वापरत नाही. तहान लागली की माझे मनगट धरून माठापाशी नेतो, माझा हात पेल्यावर ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे न बघता उभा राहतो. "पाणी" हा शब्द त्याला येतो, चित्र दाखवले तर म्हणतोही. पण त्या क्षणी म्हणत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ल्युकोव्होरिन, म्हणजे फोलिनिक अ‍ॅसिड, या गोळीबद्दल घोषणा केली आणि तेव्हापासून आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दुसरा विषय नाही. कोणी म्हणते की मूल महिन्याभरात बोलू लागले, कोणी म्हणते की हे सगळे थोतांड आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. थेरपी चालू ठेवून ही गोळी द्यावी का? दिली तर कोणाच्या देखरेखीखाली द्यावी? आणि तिचा उपयोग होतो आहे की नाही, हे घरच्यांनी कसे ओळखावे?

नवी_पेठ

ताई, आम्ही देतो आहोत आणि आम्हाला फरक जाणवला आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. आधी ती हाक मारल्यावर वळत नसे, आता वळते, आणि दोन शब्द जोडून बोलायला लागली आहे. पुण्याच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली, स्वतःच्या मनाने केली नाही. थेरपीही त्याच काळात वाढवली होती, त्यामुळे किती फरक कशाने पडला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी तरी गोळी बंद करणार नाही.

शंकेखोर

नवी पेठ यांच्या आनंदाला मुळीच नाट लावायचा नाही, पण त्यांच्या शेवटच्या दोन वाक्यांतच या विषयाची सगळी अडचण आहे. १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचे असेच झाले होते. पोटाच्या तपासणीसाठी ते काही मुलांना दिले गेले, त्यांच्यात सुधारणा दिसल्याचा अहवाल आला आणि जगभरच्या पालकांनी त्यासाठी रांगा लावल्या. पुढच्याच वर्षी नियंत्रित चाचणी झाली, तेव्हा सिक्रेटिन दिलेल्या मुलांत आणि नुसते खारे पाणी टोचलेल्या मुलांत सारखीच सुधारणा आढळली. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, हा निकाल सांगितल्यावरही त्या चाचणीतल्या बहुसंख्य पालकांना ते औषध हवेच होते. पालकांची तळमळ खरी असते, म्हणूनच तिचा बाजार मांडला जातो. आपल्याकडे ऑटिझमवर स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये उकळले गेले, आणि शेवटी २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस नाही असे स्पष्ट करावे लागले.

बालरोग_बार्शी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, बालमेंदूविकारतज्ज्ञ नाही, हे आधी सांगतो. शंकेखोर यांची सावधगिरी रास्त आहे, तरीही सिक्रेटिन आणि फोलिनिक अ‍ॅसिड यांना एका मापाने मोजू नये, कारण फोलिनिक अ‍ॅसिडच्या मागे एक समजण्याजोगी यंत्रणा आहे.

फोलेट म्हणजे बी गटातले नववे जीवनसत्त्व, आणि फोलिनिक अ‍ॅसिड हे त्याचेच एक रूप. ते रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचते ते मुख्यतः 'फोलेट रिसेप्टर अल्फा' या प्रथिनाच्या साहाय्याने, आणि हे काम मेंदूतल्या ज्या जाळीदार भागात तो द्रव तयार होतो तिथे चालते. काही मुलांच्या शरीरात याच रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग रक्तातले फोलेट अगदी व्यवस्थित असते आणि मेंदूतले मात्र कमी पडते. रामेकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मेंदूतील फोलेटची कमतरता असलेल्या २८ मुलांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी २५ मुलांच्या रक्तात ही प्रतिपिंडे होती. पुढे २०१३ मध्ये रिचर्ड फ्राय यांच्या गटाने ऑटिझम असलेली ९३ मुले तपासली, तेव्हा सुमारे ७५ टक्के मुलांमध्ये ती सापडली.

पुढच्या दाराला कोणी अडसर घातला तर माणूस मागच्या दाराने आत येतो, तसे इथे करता येते. मेंदूत फोलेट नेणारा आणखी एक वाहक आहे. त्याची पकड सैल असते, पण रक्तात फोलिनिक अ‍ॅसिडचे प्रमाण पुरेसे वाढवले तर तो कामाला येतो. म्हणूनच मात्रा मोठी लागते.

आता मर्यादा सांगतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्राय यांच्या दुहेरी अंध चाचणीत (म्हणजे कोणाला खरे औषध मिळते आहे हे पालकांना आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत नसते) ४८ मुले होती आणि कालावधी १२ आठवड्यांचा होता. औषध घेणाऱ्या मुलांच्या तोंडी संवादात सुधारणा झाली, आणि प्रतिपिंडे असलेल्या मुलांत ती अधिक दिसली. २०२० मधली फ्रान्सची चाचणी तर अवघ्या १९ मुलांची होती. एवढ्याशा आकड्यांवरून "सर्व मुलांना द्या" असे म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या त्या घोषणेतही मंजुरीचा विषय मेंदूतील फोलेटची कमतरता हा होता, आणि बातम्यांच्या मथळ्यांत त्याचे 'ऑटिझमचे औषध सापडले' असे झाले.

विडीघरकुल

डॉक्टरसाहेब, मग मेडिकलमध्ये फोलिक अ‍ॅसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी मिळते, तीच दिली तर चालणार नाही का? आमच्याकडे सासूबाईंसाठी आणलेली पडून आहे.

गोळ्यांचे_दुकान

विडीघरकुल ताई, कृपा करून तसे करू नका. मी सात रस्त्याजवळ औषधाच्या दुकानात काम करतो आणि हा प्रश्न आता वरचेवर ऐकतो. फोलिक अ‍ॅसिड हे कृत्रिम रूप आहे, ते शरीराला उपयोगी पडण्याआधी एका विकराकडून (एन्झाइमकडून) बदलून घ्यावे लागते. फोलिनिक अ‍ॅसिडला त्या पायरीची गरज नसते. शिवाय फोलिक अ‍ॅसिड त्याच रिसेप्टरला फार घट्ट चिकटते, त्यामुळे आधीच अडलेल्या वाटेवर ते आणखी गर्दी करण्याची शक्यता असते.

आमच्याकडे ल्युकोव्होरिनची १५ मिलिग्रॅमची पट्टी येते आणि ती वर्षानुवर्षे कॅन्सरच्या औषधांच्या कप्प्यात असते, कारण मेथोट्रेक्झेट या कॅन्सरवरच्या औषधाचा दुष्परिणाम उतरवण्यासाठी ती दिली जाते. काही पालक ती पट्टी बघून घाबरतात आणि "मुलाला कॅन्सरची गोळी दिली" म्हणून परत करायला येतात. तसे घाबरण्याचे कारण नाही, ते जीवनसत्त्वाचेच एक रूप आहे. पण चिठ्ठीशिवाय मागायलाही येऊ नका, आम्ही देणार नाही.

अक्कलकोटचे_आजोबा

माझा नातू पाच वर्षांचा आहे. घरात मेथी, पालक, राजगिरा, अंबाडी, तुरीची डाळ, हुलगे आणि शेंगांची चटणी रोजची आहे. या सगळ्यांत फोलेट भरपूर असते असे वाचले. मग गोळीऐवजी आहारच नीट ठेवला तर काय बिघडले? आणि दूध बंद करा असे एकाने सांगितले आहे. त्यावर सुनबाईंचा आणि माझा मतभेद आहे.

बालरोग_बार्शी

आजोबा, आहार नीट ठेवाच, पण त्याच्याकडून या कामाची अपेक्षा ठेवू नका. प्रतिपिंडांनी वाट अडवली असेल, तर जेवणातून मिळणाऱ्या फोलेटने रक्तातली पातळी चांगली राहते, पण दुसऱ्या वाहकाला कामाला लावण्याइतकी ती चढत नाही.

दुधाच्या प्रश्नाला आधार नाही असे नाही. गाईच्या दुधात याच रिसेप्टरसारखे प्रथिन असते, आणि दूध बंद केल्यावर प्रतिपिंडांचे प्रमाण घटल्याचे रामेकर्स यांच्याच गटाने २००८ मध्ये लिहिले आहे. पण तो अभ्यास लहान आहे. ऑटिझम असलेली बरीच मुले मोजकेच पदार्थ खातात. तुमचा नातू दूधभात आणि दहीभात यांवरच जगत असेल आणि तुम्ही तेच काढून घेतले, तर कॅल्शियम आणि प्रथिने कुठून येणार? आहारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय दूध बंद करू नका. या बाबतीत मी सुनबाईंच्या बाजूने आहे की तुमच्या, हे मला ठाऊक नाही, पण नातवाच्या बाजूने नक्की आहे.

अक्कलकोटचे_आजोबा

मी बंद करा म्हणत होतो. आता थांबतो. तो दूधभाताखेरीज फारसे काही खात नाही, हे खरे आहे.

पूर्वभागातला

आमचा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथे नोंदला जावा असे वाटते. मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिनिक अ‍ॅसिड सुरू केले. पहिल्या काही आठवड्यांत तो अतिशय चिडचिडा झाला, रात्री दोनला उठून पहाटेपर्यंत घरात धावायचा, आणि खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालू असूनही जो एरवी शांत झोपायचा, त्याला दाराची कडी वाजलेली सहन होईना. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, नंतर सकाळी आणि दुपारी अशी विभागून दिली, तेव्हा झोप सुधारली. बोलण्यात मात्र आम्हाला काहीही फरक दिसला नाही. ठरलेली मुदत संपल्यावर त्यांनी स्वतःहून बंद केले. त्यांनी आम्हाला आधीच सांगितले होते की काही मुलांना उपयोग होतो आणि काहींना होत नाही, त्यामुळे आम्ही फार खचलो नाही. पण ज्या पालकांना कोणी "हमखास" असे सांगितले असेल, त्यांचे अशा वेळी काय होत असेल याचा विचार करतो.

एक विचारायचे होते. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि हिंदी, माझ्या आईच्या माहेरची मंडळी आली की कन्नड. एका केंद्रात आम्हाला सांगितले गेले की इतक्या भाषांमुळेच मूल बोलत नाही. हे खरे आहे का?

स्वरसाधना

नाही, दादा. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. अनेक भाषा ऐकल्याने ऑटिझम होत नाही आणि ऑटिझम असलेल्या मुलाला एकापेक्षा अधिक भाषा शिकता येतात. सोलापुरात तर हा प्रश्न दर दुसऱ्या घरात येतो. ज्या भाषेत आईला मुलाशी मनापासून बोलता येते, ती भाषा तिच्याकडून काढून घेतली तर संवादाचे प्रमाणच घटते. तेलुगूतच बोला, भरपूर बोला, आणि थेरपीतले शब्द तेलुगूत कसे म्हणायचे ते थेरपिस्टला सांगा.

आता मृण्मयीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवडे नोंद ठेवा. "बोलतो का" असे ढोबळ लिहू नका. तुम्ही माठाचे जे वर्णन केले आहे, नेमके तसे लिहा: हात धरून नेले, बोट दाखवले, तोंडाकडे पाहिले, आवाज काढला, शब्द वापरला. जेवणाच्या वेळचा पाच मिनिटांचा व्हिडिओ दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी घ्या. झोप किती, चिडचिड किती, शी कशी होते, हेही त्याच वहीत असू द्या. औषध सुरू केल्यावर त्या काळात नवा आहार, नवी शाळा, नवे पूरक औषध असे दुसरे काहीही सुरू करू नका. थेरपी आहे तशी आणि आहे तितकीच चालू ठेवा.

आणि शाळेतल्या बाईंना गोळीबद्दल लगेच सांगू नका. महिन्याभराने त्यांना नुसते विचारा की तुम्हाला त्याच्यात काही वेगळे दिसते का. ऑटिझमच्या चाचण्यांत औषध नसलेली गोळी घेणाऱ्या मुलांतही पालकांना बरीच सुधारणा दिसते. ज्याला माहीतच नाही त्याचे निरीक्षण म्हणून मोलाचे ठरते.

शंकेखोर

स्वरसाधना यांच्याशी शंभर टक्के सहमत. अशी वही ठेवून कोणी हे औषध देणार असेल, तर माझा विरोध नाही. माझा विरोध वहीशिवाय देण्याला आहे.

विडीघरकुल

मला एक विचारायचे आहे, कितीतरी दिवस मनात आहे. मी गरोदर असताना दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या सगळ्या घेतल्या नव्हत्या, मळमळ व्हायची. त्यातही फोलिक अ‍ॅसिड असते ना? मग माझ्या मुलाचे असे माझ्यामुळे झाले का?

बालरोग_बार्शी

नाही, ताई. त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते. गरोदरपणी लोह दिले जाते ते रक्तक्षयासाठी. फोलिक अ‍ॅसिडने बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात, पण त्यासाठी ते गर्भधारणेच्या आधीपासून आणि अगदी पहिल्या आठवड्यांत पोटात जावे लागते. ऑटिझमची कारणे बहुतांशी आनुवंशिक आहेत आणि ती अनेक जनुकांत विखुरलेली आहेत. मळमळीमुळे काही गोळ्या राहिल्या म्हणून तुमच्या मुलाला ऑटिझम झाला असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर तुम्हाला सांगणार नाही. हा भार तुम्ही इतके दिवस एकट्याने वाहिलात याचे मला फार वाईट वाटते.

मृण्मयी_जुळेसोलापूर

विडीघरकुल ताई, माझ्याही मनात हाच प्रश्न येऊन गेला आहे. तुम्ही विचारलात हे बरे केलेत.

नवी_पेठ

याला जोडून एक. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी देतात, तिच्यातही फोलिक अ‍ॅसिड असते. ती बंद करायची का, असे आमच्या गटात विचारले जात आहे. आमच्या डॉक्टरांनी मुलीचे हिमोग्लोबिन पाहून चालू ठेवायला सांगितले. ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे, परस्पर बंद करू नये.

बालरोग_बार्शी

अगदी बरोबर. रक्तक्षय हा समोर दिसणारा आणि बरा करता येणारा प्रश्न आहे, त्याचा बळी देऊ नका.

आता देखरेखीबद्दल. चाचण्यांत वापरलेली मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम, दोन भागांत, आणि सुरुवातीला कमी ठेवून वाढवलेली अशी होती. सोळा किलोच्या मुलासाठी हे दिवसाला ३२ मिलिग्रॅम होते. हा हिशोब यासाठी सांगतो आहे की तुम्हाला चिठ्ठी वाचता यावी. घरी मात्रा ठरवण्यासाठी नव्हे.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. पहिली, बी-१२. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते वरचेवर कमी निघते. बी-१२ कमी असताना भरपूर फोलेट दिले, तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते. दुसरी, फिट्स. ऑटिझमसोबत अपस्मार असलेली मुले कमी नाहीत. फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन ही फिट्सची औषधे चालू असतील तर फोलेटमुळे त्या औषधांची रक्तातली पातळी घसरू शकते आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा सुरू होऊ शकतात. म्हणून हे काम मेंदूविकारतज्ज्ञांच्या नजरेखालीच व्हावे.

प्रतिपिंडांची तपासणी सगळीकडे सहज होत नाही, आणि ती प्रतिपिंडे ऑटिझम नसलेल्या भावंडांत आणि आईवडिलांतही सापडतात. त्यामुळे अहवाल "पॉझिटिव्ह" आला म्हणजे औषध लागू पडणारच असे नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून फोलेट मोजणे ही खात्रीची तपासणी आहे, पण ती प्रत्येक मुलाला करायची नसते. विकास मागे जात असेल, डोक्याची वाढ मंदावली असेल, तोल जात असेल किंवा फिट्स येत असतील, तर तज्ज्ञ तिचा विचार करतात.

तिशीतला_ऑटिस्टिक

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, होटगी रोडला राहतो आणि नोकरी करतो. वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत मी बोलत नव्हतो. पालकांना एक विनंती करतो. बोलणे येण्याची वाट पाहत असताना मुलाला संवादाचे दुसरे साधन द्या: चित्रांचे कार्ड, टॅबलेटवरचे चित्र, खूण, काहीही. मला आईने पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून दिली होती. "नको" आणि "दुखते" ही दोन चित्रे मी सर्वांत जास्त वापरली. त्यामुळे बोलणे लांबले नाही. औषध घेऊन मूल बदलेल का, याची चर्चा त्याच्यासमोर करू नका. आम्हाला बोलता येत नसते तेव्हाही ऐकू येत असते.

स्वरसाधना

हे प्रत्येक पालकाने वाचावे. चित्रकार्डांमुळे बोलणे मागे पडते हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

पूर्वभागातला

खर्चाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. थेरपीचा खर्च झेपत नाही म्हणून काही पालक "त्यापेक्षा गोळी बरी" असे म्हणू लागले आहेत आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात, पण पडू द्या.

मृण्मयी_जुळेसोलापूर

तुम्हा सर्वांचे प्रतिसाद छापून घेऊन आम्ही पुण्याला तज्ज्ञांकडे गेलो होतो, म्हणून इथे यायला उशीर झाला. त्यांनी पाऊण तास दिला. माठाची नोंद त्यांनी स्वतः वाचली आणि तिच्यावरून बरेच प्रश्न विचारले. फिट्सचा इतिहास नाही, पण त्याचे बी-१२ बरेच कमी निघाले. आम्ही घरात अंडेही खात नाही. आधी बी-१२ भरून काढायचे, मग पुन्हा तपासायचे आणि त्यानंतर १२ आठवड्यांसाठी फोलिनिक अ‍ॅसिड देऊन पाहायचे असे ठरले आहे. उपयोग दिसला नाही तर बंद करायचे, हेही त्यांनी आधीच लिहून दिले. थेरपी आहे तशीच चालू राहील आणि चित्रकार्डे या आठवड्यापासून सुरू करतो आहोत.

स्वरसाधना ताई, तुम्ही सांगितलेल्या नोंदींचा तक्ता मराठीत तयार असेल तर इथे द्याल का? आमच्या गटातल्या इतर पालकांनाही हवा आहे.

स्वरसाधना

तयार आहे, उद्या सकाळी टाकते. एका पानाचा आहे, माहेरी किंवा प्रवासात असतानाही भरता येईल असा.

पूर्वभागातला

ताई, टाकलात की मी त्याचा तेलुगू तक्ता करून देतो. आमच्या भागात तोच लागेल.